खंडेनवमीचं पाणी

"हंबीरकाका, आमच्या रोटरचा शाफ्ट तुम्हीच गंजवून दिलासा न्हवं?"

वाक्य एवढं एकच. पण मी ते विचारलं कुठं, तर संध्याकाळी साडेसहाला दूध डेअरीच्या कट्ट्यावर, निम्मं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असताना. आणि विचारलं कसं, तर दोन महिन्यांपूर्वीच जयसिंगपूरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढलेल्या आवाजात. दूध मापणाऱ्याचा हात मापातच थांबला. रांगेतल्या बायडाबाईंनी "अगं बया!" म्हणून तोंडाला पदर लावला.

पैज प्रीतीची होती. प्रीती म्हणजे हंबीरकाकांचीच पोरगी. ती, मी आणि संघप्रिया, पहिलीपास्नं दहावीपर्यंत आम्ही तिघी एकाच बाकावर. त्या दिवशी डबा खाताना प्रीती एकदम म्हणाली, "वर्षे, आठ दिस झालं तुझं वडील माझ्या आप्पांच्या मागं काय काय बोलत हिंडत्यात. गावभर. एवढं हाय तर तू विचार की त्यास्नी तोंडावर. चार माणसांत. लई भाषणं करतीस न्हवं?"

"विचारीन की. मला काय भ्या हाय?"

"बघू."

संघप्रिया मधे पडली, "अगं, कशाला पेटवताय?" मग तीही वैतागली. "जा बाई, विचार एकदाचं. रोज डब्यात हीच आमटी."

तर विचारलं.

हंबीरकाका उंच माणूस. बोलताना जरा वाकून बोलतात, समोरचा लहान असला तरी. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, कारण त्याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. पण ते वाकून माझ्याकडं बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "शाफ्ट उघडलासा व्हय?"

"न्हाय. उघडतच न्हाय तर."

"मग उघडा पोरी. आत काय निघतंय ते बघ. आन इथंच येऊन सांग. मी रोज ह्याच वक्ताला असतोय."

किटली उचलून ते गेले. दुधाची चिठ्ठी घ्यायचीसुद्धा विसरले. ती कट्ट्यावर वाऱ्यानं फडफडत होती. मी उचलली आणि का कुणास ठाऊक, दप्तरातल्या कंपासपेटीत ठेवली. निंबाखाली प्रीती सायकल धरून उभी होती. मी विचारणार नाही असं तिला शेवटपर्यंत वाटलं होतं. हे मला तिच्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं.

आमचं गाव नरसोबाच्या वाडीपास्नं सायकलनं अर्ध्या तासावर. चारी बाजूंनी ऊस, मधे घरं. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या मागं जोडायचा रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी ढेकळं फोडून रान भुसभुशीत करणारं अवजार. हंबीरकाकांच्या घरी मळणीचं मशीन आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून या दोन घरांत पैरा चालतो. आमचा रोटर त्यांच्या रानात, त्यांचं मशीन आमच्या खळ्यावर, त्यांची माणसं आमच्याकडं, आमची त्यांच्याकडं. वहीत कुणी काही लिहीत नाही. लिहिलं तर तो पैरा कसला?

आता शाफ्ट. ट्रॅक्टरचं इंजिन फिरतं, त्याची ताकद मागच्या रोटरला पोचवणारा जो दांडा, तो शाफ्ट. तो एकसंध नसतो. चौकोनी नळीत चौकोनी नळी बसलेली असते, दुर्बिणीसारखी. रोटर वर उचलला की शाफ्ट आखडतो, खाली टेकवला की लांबतो. माणसाचं कोपर जसं. ते कोपर आमच्या शाफ्टाचं धरलं होतं.

नोव्हेंबरात ऊसलागणीसाठी रान करायला दादांनी (मी वडलांना दादा म्हणते) ट्रॅक्टर मागं घेतला, शाफ्ट जोडायला गेले, तर नळ्या हलेनात. दोन गड्यांनी दोन्हीकडनं ओढलं. पाय लावून ओढलं. दोन्ही नळ्या जणू एकच होऊन बसल्या होत्या. दादांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "हंबीरानं नेलावता दसऱ्याच्या आधी. त्याच्याकडनं आल्यापास्नं कुणी हात लावला न्हाय. पाण्यात टाकला असणार गड्यानं, आन तसाच आणून दिला."

मी तिथंच उभी होते. मीसुद्धा मान हलवली. हे मी मुद्दाम लिहितेय.

मग ते वाक्य सलूनमध्ये गेलं, सोसायटीत गेलं, पारावर गेलं. आणि एक दिवस हंबीरकाकांच्या गड्याकडनं निरोप आला, "आता रोटर नगं. आमचं आमी बघतो." पैरा मोडला. माझ्या जन्माआधीपासूनचा पैरा, असा, दोन वाक्यांत.

डेअरीवरचं माझं बोलणं माझ्या आधी घरी पोचलं होतं. आई भाकरी थापता थापता थांबली. "चार माणसांत बापाच्या वयाच्या माणसाला बोलतीस व्हय गं?" दादा म्हणाले, "कुणी सांगितलंवतं तुला?" पण त्यांच्या मिशीखाली थोडं हसू होतं. आणि मला ते हसू हवं होतं.

"उद्या गॅसनं कापून टाकतो शाफ्ट," दादा म्हणाले. "नवा आणू. रान वापशावर आलंय."

"कापायचा न्हाय," मी म्हणाले. "काका म्हणालेत आत बघ. कापल्यावर काय दिसणार? मी सोडवतो."

वक्तृत्वाच्या बाईंनी माझं 'येतो-जातो' घासून घासून 'येते-जाते' केलं होतं, पण घरात आम्ही सगळ्या बायका 'येतो'च म्हणतो, आणि मोठी गोष्ट बोलायची असली की 'येतो'च तोंडात येतं.

दादा हसले. "तू? बरं. आईतवारपातूर. रान काय तुझ्यासाठी थांबत नसतंय. आईतवारी न्हाय सुटला तर कापणार."

त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी पहाटे शाळेच्या आधी मी गणपती मिस्त्रीकडं गेले. एस.टी. स्टँडच्या मागं त्याची पत्र्याची शेड. मिस्त्री गडहिंग्लजच्याही पलीकडचा, पार कर्नाटकाच्या शिवेवरचा. तिकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, म्हणून तो गावातल्या सगळ्या पोरींना तंगीच म्हणतो.

"काय तंगी? सायकल पंक्चर?"

"न्हाय. शाफ्ट धरलाय. रोटरचा."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि स्टोवरचा चहा दोन कपांत ओतला. म्हणजे ऐकायला तयार झाला.

"घणानं हाणलंस तर नळी वाकंल," तो म्हणाला. "ट्रॅक्टरनं ओढलंस तर जॉइंट तुटंल. डिझेल आन जुनं इंजिनऑइल, निम्मं निम्मं. शाफ्ट भिंतीला उभा करायचा, बाहेरची नळी खाली, तिचं तोंड वर. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत थेंब थेंब सोडायचा. सकाळी सोड, सांजचं सोड. आन लाकडाच्या हातोडीनं नळीवर सगळ्या बाजूंनी हळू हळू वाजवायचं. ढोल बडवायचा न्हाय. पाळणा हलवतीस तसं. मग तेल आपल्या पायानं खाली उतरतंय."

"किती दिवसांत सुटतो?"

"मला काय ठावं? मी काय आत बसलोय?"

गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, आंब्याच्या लाकडाच्या जुन्या फळ्यांना टेकवून मी शाफ्ट उभा केला. औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर घेतला. पहिला थेंब फटीवर टेकला, थोडा वेळ फुगून बसला, आणि मग कुणीतरी आतून हाक मारल्यासारखा नाहीसा झाला.

मी दुसरा सोडला. तिसरा. टुक टुक टुक हातोडी.

त्या दिवसांत नदीकडनं धुकं यायचं. कृष्णेवरून उठायचं, उसाच्या तुऱ्यांवरून सरकत सरकत आमच्या शेडपर्यंत यायचं आणि दारात बसायचं, पाव्हण्यासारखं. लांब कुठंतरी गुऱ्हाळ लागलं होतं, त्याचा गोड धूर धुक्यात मिसळायचा. मी पोत्यावर बसून नळीला कान लावायची. आधी नुसता माझ्याच रक्ताचा आवाज. मग त्याच्या खाली, फार खाली, काहीतरी सरकल्यासारखं. खरं होतं का नव्हतं ते मला माहीत नाही. पण मी ऐकलं.

मला वाटायला लागलं, मीच तो थेंब आहे. अंधारी बोळ. दोन्हीकडं लाल कातळ. वाट एवढी चिंचोळी की श्वास आडवा घ्यावा. वर कुठंतरी कुणीतरी पाळणा हलवतंय, टुक टुक टुक, आणि प्रत्येक टुकीला मी केसभर खाली. कातळातून लाल माती सुटते, माझ्यात विरघळते, मी लाल होते. आणखी खाली. कुणी वाट बघतंय का खाली? शाळेत मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघत मी उतरतच होते. बाई म्हणाल्या, "वर्षाराणी, कुठंयस?" मी म्हणाले, "अर्ध्यात." वर्ग हसला. प्रीती हसली नाही. तिनं आता पुढचा बाक धरला होता.

गुरुवारी संध्याकाळी मी उतरत उतरत खूप खाली गेले, आणि तिथं अंधार काळा नव्हता. केशरी होता. मंद, भिजलेला केशरी. आणि वास आला. गंजाचा नाही. मी डोळे उघडले तर शेडमध्ये काहीच केशरी नव्हतं. शेण होतं, पेंड होती, रोटरची पाती होती. पण नाकातला वास जाईना. मी हात धुतले, जेवले, अभ्यास केला, तरी झेंडूचा वास येतच राहिला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर संघप्रिया सायकलवरून आली. तिच्या मामानं नुकतंच तिला नवं घड्याळ दिलं होतं, ते दाखवायला. पोत्यावर माझ्याशेजारी बसली, ड्रॉपर माझ्या हातातनं घेऊन तिनंपण दोन थेंब सोडले.

"हे गेलं कुठं गं?"

"आत."

"मज्जाच की." ती शाफ्टाकडं बघत राहिली. "वर्षे, खंडेनवमीला तू हेच दोन तुकडं मांडलंवतंस न्हवं? पाटावर? मी खोबरं खायाला आलतो तवा. पांढराशुभ्र फेस करून धुवत बसलीवतीस."

माझ्या हातातली हातोडी नळीवर एकदाच जोरात वाजली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खंडेनवमी असते. घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची, नारळ फोडायचा. कोयता, खुरपी, आईचं शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळं. मी सातवीत गेल्यापासून हे काम माझं. या साली तर वक्तृत्वाचा नंबर नुकताच आलेला, मला वाटत होतं मी जे करीन ते गावात सगळ्यात झ्याक झालं पाहिजे. हंबीरकाकांनी रोटर दोनच दिवस आधी परत दिला होता. शाफ्टाच्या दोन्ही नळ्या वेगळ्या करून, आतून बाहेरून ग्रीस थापून. मला तो दिसला कसा? काळा. चिकट. घाणेरडा. पूजेला असलं काळं कसं चालंल? मी कपड्याची पावडर घेतली, नारळाच्या शेंडीचा चोथा घेतला आणि नळ्या घासल्या, लखलखीत होईपर्यंत. तांब्यावर तांबे ओतले. ओल्याच पाटावर मांडल्या. नारळ फोडला, त्याचं पाणी दोन्ही नळ्यांवर सोडलं. अक्षता टाकल्या. फुलं वाहिली. आणि शेवटी दोन नळ्या अशा वेगवेगळ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून एकात एक घातल्या. किती छान गेल्या, सुळकन. मीच तेव्हा म्हणाले होते, "बघ आई, कसं शोभतंय!"

त्यानंतर परतीचा पाऊस. त्यानंतर दिवाळी. आणि खरंच, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

"काय झालं गं?" संघप्रियानं विचारलं.

"काय न्हाय."

ती गेली. शनिवारी सकाळी मी तेल सोडलं, पण नळीला कान लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी ड्रॉपर भरून घेतला आणि तसाच हातात धरून बसले. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. आज तेल सोडलं नाही, हातोडी वाजवली नाही, तर उद्या सुटणार नाही. सुटला नाही तर दादा गॅसनं कापणार. आत जे काही आहे ते जळून भंगारात जाणार. आणि गावात सगळ्यांना माहीतच आहे शाफ्ट कुणी गंजवला ते. मी स्वतः विचारलंय की, डेअरीवर, मोठ्यानं. कुणाला कधीच कळणार नाही. मला आणि झेंडूला सोडून.

बाहेर धुकं आलं, दारात बसलं. मी कंपासपेटीतली ती चिठ्ठी काढली. हंबीरकाकांचं नाव, खाली दुधाचं माप, कोपरा दुमडलेला. एवढा शिस्तीचा माणूस. नळ्या वेगळ्या करून ग्रीस लावून देणारा. तो चिठ्ठी विसरला. मी कितीदा तरी तो कोपरा सरळ केला आणि तो कितीदा तरी पुन्हा दुमडला.

मग मी थेंब सोडले. नेहमीपेक्षा जास्त सोडले. आणि बराच वेळ पाळणा हलवला.

रविवारी सकाळी नऊला मिस्त्री सायकलला साखळी लटकवून आला. दादा बाजूला हात बांधून उभे, तोंडावर 'बघू या पोरीचा खेळ'. मिस्त्रीनं शाफ्ट जांभळीच्या बुंध्यापाशी आडवा ठेवला, आतल्या नळीचं टोक साखळीनं बुंध्याला आवळलं, बाहेरच्या नळीवरचं तेल पुसून तिच्याभोवती पोतं गुंडाळलं.

"बंबात पाणी तापवलंस?"

"उकळतंय."

"बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना बघितलीस का? तापवली की लोखंडाची धाव फुगती. ही बाहेरची नळीबी तशी फुगाय पायजे. आतलीला कळायच्या आधी. सोड."

मी पोत्यावर उकळतं पाणी ओतलं. वाफेत जांभूळ, दादा, मिस्त्री सगळे पुसले गेले. वाफेतनं मिस्त्रीचा आवाज, "आकारामदादा, ठोकळा काठाला लावा. हळू." दादांनी बाहेरच्या नळीच्या काठाला लाकडी ठोकळा लावून घण मारला. ठण्ण. मिस्त्री लांब पान्यानं नळी इकडं-तिकडं पिळत होता. ठण्ण. मी दुसरी बादली ओतली. ठण्ण. ठण्ण. दादा म्हणाले, "न्हाय बघ मिस्त्री, हे कापायचंच..."

ढब्ब.

आवाज बदलला. मिस्त्रीनं बोट वर केलं. "ऐकलासा?"

नळीच्या तोंडाशी आतल्या नळीवर एक रेघ उमटली होती. केसाएवढी, चकाकती. चार दिवस मी जिथं थेंब थेंब उतरत होते, तिथून ती वर आली होती. मला आनंद झाला आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटलं. दोन्ही एकदम. तिसरी बादली. रेघ बोटाएवढी झाली, मग चार बोटं, मग वीतभर, आणि शेवटचा घण पडला तेव्हा बाहेरची नळी सुटून गवतात लोळत गेली.

"सोडवलंस की गं तंगी!" मिस्त्री ओरडला.

दादा हसत हसत नळी उचलायला वाकले. त्यांनी ती उभी धरून झटकली, आणि आतलं सगळं गवतावर पडलं. कुंकवासारखा लाल चिखल. त्यात नारळाच्या शेंडीचे धागे. तीन-चार अक्षता, गंजून तांबड्या झालेल्या. आणि झेंडूच्या पाकळ्या. चुरगाळलेल्या, चिकटलेल्या, पण मधूनमधून अजून केशरी.

 मिस्त्रीनं काडी घालून नळीचं बूड उकरलं. काडीच्या टोकाला लोण्यासारखा ग्रीसचा गोळा आला, स्वच्छ, पिवळा. जिथं माझा चोथा पोचला नव्हता तिथला.

"ग्रीस तर चांगलं थापलंवतं कुणीतरी," मिस्त्री म्हणाला. "आन मग धुतलं कुणीतरी. अस्सल धुतलंय."

दादा गवतावरच्या पाकळ्यांकडं बघत होते. मग माझ्याकडं. त्यांच्या मिशीखाली काहीच नव्हतं.

"मी धुतलं," मी म्हणाले. "पावडरनं. खंडेनवमीला."

मिस्त्रीनं नळ्या पॉलिश पेपरनं घासल्या, ग्रीस भरलं, एकात एक घातल्या. सुळकन गेल्या. चहा न घेताच तो गेला, असल्या वेळी पाव्हण्यानं थांबू नये हे त्याला कळत होतं. दादांनी शाफ्ट जोडला आणि ट्रॅक्टर रानात घातला. दुपारभर रोटर फिरत होता. मी बांधावर बसून बघत होते. काळी माती त्याच्या मागं पिठासारखी पडत होती, बगळे तिच्यात पांढरे ठिपके होऊन चालत होते, आणि रोटर वर उचलला की शाफ्ट आखडत होता, खाली टेकला की लांबत होता. कोपर मिटायचं, उघडायचं. मी ओंजळीत कागद धरला होता. कागदावर पाकळ्या वाळत होत्या.

सहा वाजता दादा हातपाय धुऊन बाहेरच्या सोप्यात बसले. आईनं चहा आणला. दादा बशीत चहा ओतत म्हणाले, "उद्या मी हंबीराला गाठतो. बांधावर. झाली चूक, म्हणतो. दोन माणसांत मिटतंय. त्याला गावाला सांगायचं काय कारण?"

"तेच," आई म्हणाली. "आन तू गप घरात बस. आता चार माणसांत जाऊन आपलीच चूक सांगत बसलीस तर लोक हसतील. दहावीची पोरगी हाईस."

"मी विचारलं तवा कुणी हसलं का?"

"तवाची गोष्ट येगळी," दादा बशीत बघत म्हणाले. मग हळू, "मीबी बोललोय गं. तुझ्या आधी मी बोललोय. माझंबी नाक हाय गावात."

हे दादा पहिल्यांदाच बोलले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि मला जाणवलं की माझ्या तोंडात आता भाषणाचा आवाज नाही. साधाच आहे. माझाच. मी उठून दप्तरातली चिठ्ठी घेतली, पाकळ्यांच्या कागदात ठेवली, कागद दुमडला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा होत आले होते. डेअरीकडं निघालेल्या किटल्यांचा आवाज रस्त्यावरनं यायला लागला होता.

"दादा, तुम्ही उद्या बांधावर जावा," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही बोला. आई, तू म्हंतीस ते खरं हाय, हसतील. हसू देत. मी जिथं विचारलं तिथंच सांगणार हाय. आज, साडेसहाला, डेअरीच्या कट्ट्यावर, सगळ्यांसमोर. काकांनी ग्रीस लावलंवतं, आन धुतलं मी. पाकळ्या दावणार हाय. मी निघालो."